खासगी शिडाच्या नौकेने अरबी समुद्र व तांबडा समुद्र ओलांडताना चाचेगिरीचा धोका कितपत आहे?

प्रश्न : शीड_सुकाणू (पुणे)

माझी थोरली बहीण आणि मेहुणे मलेशियातील लंकावी येथे स्वतःच्या १२ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेवर राहतात. येत्या हिवाळ्यात ही नौका भूमध्य समुद्रात न्यावी, असा त्यांचा विचार आहे. श्रीलंकेवरून कोची, तेथून मुंबई, मुंबईहून ओमानमधील सलाला आणि पुढे एडनचे आखात व तांबडा समुद्र पार करून सुएझ, असा मार्ग त्यांनी आखला आहे. मुंबई ते सलाला या टप्प्यात मीही सोबत यावे, असा त्यांचा आग्रह आहे. मी मुंबई बंदरात शिडाच्या लहान होड्या चालवल्या आहेत, परंतु खुल्या समुद्राचा मला अनुभव नाही.

मेहुण्यांच्या मते सोमाली चाचेगिरीचा काळ सरला आहे. जहाज उद्योगाने हिंदी महासागराला लावलेला 'अतिधोक्याचे क्षेत्र' हा शिक्का १ जानेवारी २०२३ पासून काढून टाकला, याकडे ते बोट दाखवतात. शिवाय चाच्यांना तेलवाहू जहाजे हवी असतात, दोन-तीन माणसांच्या नौकेत त्यांना काय मिळणार, असे ते विचारतात. बहिणीला मात्र काळजी वाटते आणि नौकेवर एखादी बंदूक असावी, असे तिचे मत आहे. या दोन्ही म्हणण्यांत कितपत तथ्य आहे आणि संकट आलेच तर नौदलाची मदत वेळेत मिळते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : निवृत्त_कप्तान (अलिबाग)

मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली आणि २००८ ते २०१२ या सर्वांत वाईट काळात एडनच्या आखातातून जहाजे नेली. आपल्या मेहुण्यांचे दुसरे विधान अधिक घातक आहे, म्हणून आधी ते घेतो. नौकेत माल नसतो हे खरे, पण माणसे असतात, आणि सोमाली टोळ्यांचा व्यवहार माणसे ओलीस धरून खंडणी मागण्याचाच होता. 'लिन रायव्हल' ही नौका सेशेल्सहून टांझानियाकडे जात असताना २३ ऑक्टोबर २००९ रोजी पकडली गेली आणि तिच्यावरील ब्रिटिश दांपत्याला ३८८ दिवस बंदिवासात काढावे लागले. चाचे त्यांना एका अपहृत मालवाहू जहाजावर हलवत होते, तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या ताफ्यातील एक साहाय्यक जहाज जवळच होते. गोळीबार केला तर ओलिसांचाच जीव जाईल, या भीतीने त्या जहाजाला केवळ पाहत राहावे लागले.

दुसरी घटना तर आपण म्हणता त्याच मार्गावरची आहे. 'क्वेस्ट' ही अमेरिकी नौका जगप्रदक्षिणेच्या एका ताफ्यासोबत मुंबईपर्यंत आली होती आणि मुंबईहून सलालाकडे जाताना तिने ताफ्यापेक्षा वेगळा मार्ग धरला. १८ फेब्रुवारी २०११ रोजी ती ओमानच्या दक्षिणेकडील समुद्रात पकडली गेली. अमेरिकी नौदलाच्या चार युद्धनौका तिच्या मागावर होत्या आणि वाटाघाटीही चालू होत्या, तरी २२ फेब्रुवारीला नौकेवरील चारही अमेरिकी नागरिकांना चाच्यांनी ठार मारले. त्यानंतर दोनच दिवसांनी 'इंग' ही डॅनिश नौका पकडली गेली. तिच्यावरील सात जणांत तीन मुले होती आणि त्यांची सुटका व्हायला सप्टेंबर उजाडला. नौदलाच्या मदतीविषयी आपण विचारले आहे, त्याचे उत्तर या घटनांतच आहे. चाचे नौकेवर चढण्यापूर्वी युद्धनौका किंवा तिचे हेलिकॉप्टर पोहोचले तर माणसे वाचतात. एकदा ते चढले की जगातील कोणत्याही नौदलाचे हात बांधले जातात. 'तानित' या फ्रेंच नौकेला त्या समुद्रात न जाण्याचा इशारा फ्रेंच नौदलाने आधीच दिला होता. एप्रिल २००९ मध्ये तिच्या सुटकेसाठी कमांडो कारवाई झाली आणि तीत नौकेचा मालकच मृत्युमुखी पडला.

आता पहिल्या विधानाकडे येतो. चाचेगिरी खरोखरच कमी झाली. आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोच्या नोंदींनुसार २०११ मध्ये जगभरात ४३९ घटना घडल्या आणि त्यांतील २३७ सोमाली टोळ्यांच्या होत्या. २०२४ मध्ये जगभरातील एकूण आकडा ११६ होता. पण ही घट कशामुळे झाली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यांवर विसंबता येत नाही. मालवाहू जहाजांनी कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी बांधली, सशस्त्र रक्षक नेमले, संकटसमयी खलाशांना आतून कडी लावून बसता येईल अशी भक्कम खोली तयार केली आणि एडनच्या आखातात आखून दिलेल्या पट्ट्यातून, युद्धनौकांच्या नजरेखाली, वेगाने प्रवास केला. ताशी १८ सागरी मैलांहून अधिक वेग असलेल्या जहाजावर सोमाली चाच्यांना सहसा चढता येत नसे. यांतील एकही उपाय शिडाच्या नौकेला लागू पडत नाही. तिचा वेग ताशी पाच-सहा सागरी मैल असतो, कठडा पाण्यापासून हातभर उंचीवर असतो आणि अंग फायबरचे असल्यामुळे बंदुकीची गोळी आरपार जाते. मोठी जहाजे सुरक्षित झाली म्हणून छोट्या नौकाही सुरक्षित झाल्या, असा अर्थ त्या आकड्यांतून काढणे मला धोक्याचे वाटते.

टोळ्याही पूर्णपणे मोडलेल्या नाहीत. १४ डिसेंबर २०२३ रोजी 'रुएन' हे जहाज पळवले गेले. मार्च २०२४ मध्ये आपल्या 'आयएनएस कोलकाता'ने सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर त्यावरील १७ खलाशांना सोडवले आणि ३५ चाच्यांना पकडून मुंबईत आणले. आपल्या नौदलाचा मला अतिशय अभिमान आहे, पण त्या कारवाईसाठी युद्धनौकेसोबत हवाई दलाच्या विमानातून मरीन कमांडो समुद्रात उतरवावे लागले होते, हेही लक्षात घ्यावे.

ऋतूचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो मुद्दाम मांडतो. मुंबईहून सलाला सुमारे १,१०० सागरी मैलांवर आहे, म्हणजे शिडाच्या नौकेला आठ-नऊ दिवस लागतात. हा प्रवास डिसेंबर ते मार्च या काळात करतात, कारण तेव्हा ईशान्येचे वारे पाठीशी असतात आणि समुद्र शांत असतो. मात्र उघड्या लहान होड्यांतून शेकडो मैल बाहेर येणाऱ्या चाच्यांनाही हाच शांत समुद्र हवा असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात त्यांचा उपद्रव कमी होतो, पण तेव्हा आपल्या नौकेलाही तो समुद्र झेपत नाही. पंचांगातील कोणताही मुहूर्त निवडला तरी ही अडचण टळत नाही.

सलालाच्या पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीपर्यंत साडेसहाशे सागरी मैलांहून अधिक अंतर उरते. नोव्हेंबर २०२३ पासून त्या भागात येमेनमधील हुथी बंडखोरांनी क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि स्फोटकांनी भरलेल्या होड्या वापरून जहाजांवर हल्ले केले आहेत. जुलै २०२५ मध्ये त्यांनी दोन मोठी मालवाहू जहाजे बुडवली. हे हल्ले युद्धाचा भाग असल्यामुळे चाचेगिरीच्या आकडेवारीत मोजले जात नाहीत, त्यामुळे केवळ ती आकडेवारी पाहणाऱ्याची दिशाभूल होते. माझे मत स्पष्ट आहे : सलालाचा टप्पा आणि त्यापुढचा संपूर्ण मार्ग सोडून द्यावा.

उत्तर : नांगर_दोरखंड (ग्रेनाडा)

कप्तान साहेबांशी मी सहमत आहे. मात्र नौकेवर राहणाऱ्या माणसाला आयुष्यात प्रत्यक्ष भेटण्याची शक्यता असते ती चाच्यांची नव्हे, तर नांगरलेल्या नौकेवर रात्री चढणाऱ्या चोरांची. मी कॅरिबियन समुद्रात भाड्याच्या नौकांवर अभियंता म्हणून काम करतो. येथे सर्वाधिक चोरी डिंगीची, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीची, आणि तिच्या इंजिनाची होते. रात्री डिंगी पाण्यात दोरीला बांधून ठेवली की पहाटे ती तेथे असेलच, याची खात्री कोणी देत नाही. म्हणून अनुभवी माणसे अंधार पडण्यापूर्वी ती कप्पीने उचलून डेकवर घेतात आणि साखळीने कुलूपबंद करतात. चोराला डिंगी सहज मिळाली नाही तर तो बहुधा शेजारच्या नौकेकडे वळतो. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण येथील प्रत्येक जण हे जाणतो.

बहुतेक प्रसंगी माणसांना इजा होत नाही. इजा होते ती चोर आणि मालक अंधारात एकमेकांसमोर आले म्हणजे. मार्च २०१६ मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या वालिलाबू उपसागरात नांगरलेल्या नौकेवर सशस्त्र माणसे चढली आणि एका जर्मन प्रवाशाचा जीव गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर येथे ग्रेनाडातच कोठडीतून पळालेल्या तिघांनी 'सिम्प्लिसिटी' ही नौका तिच्यावरील अमेरिकी दांपत्यासह पळवून सेंट व्हिन्सेंटला नेली. ते दांपत्य पुन्हा कोणाला दिसले नाही. त्या बातमीनंतर कित्येक दिवस येथील नांगरस्थळावर लोक रात्री झोपत नव्हते, आणि त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही.

बंदुकीविषयी आपल्या भगिनींनी सर पीटर ब्लेक यांचा प्रसंग अवश्य विचारात घ्यावा. शिडाच्या नौकांच्या शर्यतीतील अमेरिका चषक दोनदा जिंकलेल्या न्यूझीलंडच्या संघाचे ते नेते होते आणि त्यांच्याइतका कसलेला दर्यावर्दी त्या काळात क्वचितच कोणी असेल. डिसेंबर २००१ मध्ये त्यांची 'सीमास्टर' ही नौका अॅमेझॉनच्या मुखाजवळ माकापा येथे नांगरलेली असताना सशस्त्र लुटारू चढले. ब्लेक यांनी रायफल उचलली, गोळी झाडली, एका लुटारूला जखमीही केले. मग रायफल अडकली आणि लुटारूंच्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. नौकेवरील इतर माणसे वाचली. लुटारूंनी नेलेल्या वस्तू घड्याळे आणि नौकेचे सुटे इंजिन यांसारख्या होत्या.

त्याऐवजी मी आतून लावता येणारे भक्कम अडसर, डेकवर हालचाल होताच पेटणारा प्रखर दिवा, मोठा भोंगा आणि अंथरुणाशेजारी ठेवलेला व्हीएचएफ रेडिओ संच यांवर पैसे खर्च करायला सांगेन. पूर्वी घटना घडलेल्या ठिकाणी एकट्याने नांगर टाकू नये. कॅरिबियनमधील अशा घटनांची नोंद ठेवणारी एक स्वयंसेवी यंत्रणा आहे आणि नवीन बंदरात जाण्यापूर्वी येथील नौकाधारक ती नोंद न चुकता वाचतात.

उत्तर : हर्णै_बंदर (रत्नागिरी)

मी मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील आहे आणि कोणी शस्त्राचा विचार करत असेल तर आमची बाजूही त्याने ऐकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपली नौका केरळपासून मुंबईपर्यंत येणार आहे. या संपूर्ण किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी शेकडो मासेमारी नौका समुद्रात असतात. आमची तरंगती जाळी कित्येकदा एक-दोन किलोमीटरपेक्षा लांब पसरलेली असतात आणि त्यांच्या टोकाला असलेला दिवा दुरून दिसत नाही. एखादी शिडाची नौका जाळ्यावर येताना दिसली की आमचा तांडेल (होडीचा प्रमुख) इंजिन पूर्ण वेगात सोडून तिच्या दिशेने धावतो, ओरडतो, बॅटरीचे झोत टाकतो. नौकेचा पंखा जाळ्यात अडकला तर तिचेही नुकसान होते आणि आमचे लाखो रुपयांचे जाळे फाटते. कधी कधी आमची मुले केवळ कुतूहलापोटी किंवा पिण्याचे पाणी मागण्यासाठीही जवळ येतात. परदेशी नौकेवरील घाबरलेल्या माणसाला हाच प्रकार चाच्यांचा हल्ला वाटू शकतो.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यासमोर 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या आणि आमचे दोन बांधव मेले. ते चाचे आहेत असे वाटले, एवढेच कारण सांगितले गेले. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, इटलीने दहा कोटी रुपये भरपाई दिल्यावर आपल्याकडील खटला बंद झाला. प्रशिक्षित सैनिकांकडून दिवसाढवळ्या असे घडू शकते, तर अंधारात झोपेतून उठलेल्या प्रवाशाच्या हाती बंदूक दिल्यावर काय होईल, याचा विचार करावा. आमच्यासारख्यांनाही चाच्यांनी सोडलेले नाही. एप्रिल २०१७ मध्ये 'अल कौसर' हे गलबत सोमाली टोळीने पकडले तेव्हा त्यावर कच्छचे ११ खलाशी होते.

किनाऱ्यालगत येताना दिवे लावलेले असावेत, व्हीएचएफ रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी चालू असावी आणि होडी जवळ आली तर हात उंचावून वेग कमी करावा. जाळ्याचे टोक कोणत्या बाजूला आहे, हे आमची माणसे खुणेने दाखवतात. खरोखर संकट असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्याजवळ मोबाइलवरूनही लागतो.

उत्तर : गोदीचा_वकील (मुंबई)

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम १०१ नुसार चाचेगिरी ठरण्यासाठी कृत्य कोणत्याही देशाच्या सत्तेबाहेरील समुद्रात, एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाविरुद्ध आणि खासगी हेतूने घडलेले असावे लागते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत तेच कृत्य घडले तर तो त्या देशाचा सशस्त्र दरोड्याचा गुन्हा ठरतो. चाच्याला कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते, दरोड्याच्या वेळी मात्र केवळ त्या किनाऱ्याच्या पोलिसांनाच येता येते. त्यामुळे नांगरलेल्या नौकेसाठी त्या देशातील पोलीस किती तत्पर आहेत, यावरच सर्व अवलंबून असते.

भारतात हा विषय बराच काळ लोंबकळत होता. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे पळवलेले जहाज आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने मोठ्या धाडसाने पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, परंतु २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले, कारण चाचेगिरीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नव्हता. सागरी चाचेगिरी विरोधी कायदा, २०२२ मुळे ती उणीव भरून निघाली आणि 'रुएन'वरील ३५ जणांवर मुंबईत त्याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

शस्त्राबाबत माझा सल्ला ठाम नकाराचा आहे. मलेशिया, श्रीलंका, भारत, ओमान यांपैकी प्रत्येक देशात शस्त्राची स्वतंत्र घोषणा, परवानगी आणि बहुधा बंदरात ते जमा करणे आवश्यक असते, म्हणजे नांगरलेल्या अवस्थेत, जेव्हा त्याची गरज भासेल असे वाटते, नेमके तेव्हाच ते आपल्याजवळ नसते. घोषणा न करता शस्त्र बाळगणे तर आत्मघातकी ठरेल. 'सीमन गार्ड ओहायो' या जहाजावरील ३५ जणांना ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ ताब्यात घेण्यात आले. ते चाच्यांविरुद्ध संरक्षण पुरवणाऱ्या कंपनीचे कर्मचारी व खलाशी होते, तरी निर्दोष सुटण्यासाठी त्यांना नोव्हेंबर २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली.

शीड_सुकाणू

आपण सर्वांनी वेळ काढून इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ही उत्तरे मी बहिणीला व मेहुण्यांना वाचून दाखवली. बंदुकीचा विषय बहिणीने स्वतःहून मिटवला. मेहुण्यांना 'क्वेस्ट' मुंबईहूनच निघाली होती, हे माहीत नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग सलालाचा टप्पा सोडायला तयार झाले. परंतु मुंबईला यायचेच, असा दोघांचाही हट्ट आहे. मुंबईपर्यंत येऊन पुढे युरोपला जाण्याचा काही सुरक्षित मार्ग उरतो का?

निवृत्त_कप्तान

त्यांनी घेतलेला निर्णय वाचून मला समाधान वाटले. मुंबईला अवश्य यावे. श्रीलंका ते कोची आणि कोची ते मुंबई या किनाऱ्यालगतच्या प्रवासात मासेमारीची जाळी आणि मोठ्या जहाजांची वर्दळ याच खऱ्या चिंता आहेत. २०११ मध्ये चाचे लक्षद्वीपच्या आसपास पोहोचले होते आणि आपल्या नौदलाने तेव्हा शंभरावर जणांना पकडून मुंबईत आणले होते, पण आज तशी परिस्थिती नाही. तरीही निघण्यापूर्वी प्रवासाचा आराखडा मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राला कळवावा. गुरुग्राम येथील हिंदी महासागर माहिती केंद्र २०१८ पासून या भागातील घटनांची माहिती एकत्र करते, त्याची साप्ताहिक माहितीपत्रके वाचत राहावीत.

मुंबईहून पुढे दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे नौका मालवाहू जहाजावर चढवून युरोपात पाठवणे. २०११ नंतर अनेक नौकाधारकांनी तोच मार्ग पत्करला. त्याला मोठा खर्च येतो, आणि आशियातील नौका सहसा थायलंड किंवा सिंगापूर परिसरातून चढवल्या जातात, म्हणून मुंबईची भेट आटोपून त्यांना पुन्हा पूर्वेकडे जावे लागेल. दुसरा मार्ग आफ्रिकेला वळसा घालण्याचा. मार्चअखेरपर्यंत मुंबई सोडून मालदीवकडे उतरावे, दक्षिण हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम संपेपर्यंत तेथे थांबावे, मग सेशेल्सच्या बरेच पूर्वेकडून मॉरिशस गाठावे आणि वर्षअखेरीस डर्बनमार्गे केपटाऊनला जावे. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून मुंबईहून निघून भूशिरांना वळसे घालत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते या महासागरातूनच. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत वाहणाऱ्या अगुल्हास या सागरी प्रवाहाच्या विरुद्ध वारा सुटला की डर्बनच्या पुढे अतिशय उंच लाटा उठतात, म्हणून तेथे हवामानाची योग्य संधी मिळेपर्यंत बंदर सोडू नये. तो धोका मोठा असला तरी अभ्यास आणि संयम यांनी टाळता येतो. ओलीस धरल्या गेलेल्या माणसापुढे तसा पर्याय नसतो.

एक व्यावहारिक सूचना राहिली होती. मार्ग कोणताही ठरला तरी तो विमा कंपनीला लेखी कळवून तिचे लेखी उत्तर घ्यावे. अनेक विमापत्रांत एडनचे आखात, तांबडा समुद्र आणि सोमालियालगतचा समुद्र मुळातच वगळलेले असतात, आणि काही कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यासाठी नौकेवर किमान तीन अनुभवी माणसे असण्याची अट घालतात. आपल्याला सोबत जायचे असेल तर मुंबई ते मालदीव हा टप्पा घ्यावा आणि त्यापूर्वी कोची ते मुंबई या प्रवासात दोन-चार रात्री पहाऱ्याला बसून पाहावे.